जीर्णोद्धार, दुरुस्ती आणि पाठशुद्धी : शर्यतीच्या जुन्या सायकलींच्या निमित्ताने

एखादी जुनी वस्तू 'पूर्ववत' करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. एका ग्रंथाच्या अनेक प्रती समोर असतात, त्यांत पाठभेद असतात, प्रक्षेप असतात, लेखनिकांचे प्रमाद असतात. त्यातून संपादकाला एक पाठ निवडायचा असतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न साहित्याशी वरवर काहीही संबंध नसलेल्या एका वस्तूबद्दल विचारायचा आहे. ती वस्तू म्हणजे रस्त्यावरील शर्यतीसाठी बनवलेली पोलादी सायकल, आणि त्यातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून १९८० च्या दशकापर्यंत उत्तर इटलीत बनलेली. अशा सायकली आज जगभरचे लोक हौसेने, कष्टाने आणि बराच पैसा खर्चून पुन्हा उभ्या करतात. हे करताना रंग खरवडायचा की ठेवायचा, गंजलेला भाग बदलायचा की जपायचा, असे साधे वाटणारे निर्णय त्यांना घ्यावे लागतात. यातला प्रत्येक निर्णय इतिहासाविषयीचे एक विधान असतो, असे मला वाटते.

प्रथम ही वस्तू कशी घडली ते पाहू. सायकलीची चौकट पोलादी नळ्यांची असते आणि नळी सर्वांत जास्त ताण सोसते ती सांध्यापाशी. म्हणून टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी ओढण्याची युक्ती इंग्लंडमध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी काढली व १८९७ साली तिचे पेटंट घेतले. १९३५ साली त्यांच्या कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची '५३१' ही नळी बाजारात आणली. इटलीत हेच काम आंजेलो लुईजी कोलोंबो यांच्या मिलानमधील कारखान्याने केले. 'कोलंबस' हे नाव त्यातूनच आले. त्यांच्या 'एसएल' या प्रसिद्ध संचातील मुख्य नळ्यांची जाडी टोकांना ०.९ मि.मी. आणि मध्यभागी ०.६ मि.मी. एवढीच असे. या नळ्या 'लग' नावाच्या पोलादी खोबणींत बसवून पितळेने वा चांदीच्या मिश्रधातूने झाळल्या जात. झाळताना उष्णता जास्त झाली तर पोलाद दुबळे होते, कमी पडली तर धातू सांध्यात पुरता शिरत नाही. कारागिराचे सारे कौशल्य या दोन टोकांच्या मध्ये होते, आणि रंग चढल्यावर ते कुणाला दिसत नसे.

गिअरची कथाही सांगण्यासारखी आहे. तूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली 'लोटो' या वृत्तपत्राचे संपादक आंरी देग्रांज यांनी सुरू केली. शर्यत ही माणसाच्या ताकदीची परीक्षा, यंत्राच्या सोयीची नव्हे, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर या शर्यतीत १९३७ सालापर्यंत निषिद्ध राहिला. तोवर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकारांची चक्रे असत आणि चढाच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटे करून बसवावे लागे. कॅम्पान्योलो कंपनीची परंपरागत कथा सांगते, की १९२७ च्या नोव्हेंबरात क्रोचे द'ऑने या घाटात थंडीने बोटे बधिर झाल्यामुळे तुल्लिओ कॅम्पान्योलो यांना चाकाचे कानवाले नट सोडवता आले नाहीत आणि त्यातून त्यांना झटपट सुटणाऱ्या चाकाची कल्पना सुचली. या कथेच्या तपशिलांवर अभ्यासकांनी पुष्कळ शंका घेतल्या आहेत. तरीही चमत्कारकथेला संतचरित्रात जे स्थान असते, तेच हिला सायकलींच्या इतिहासात आहे. १९३३ साली व्हिचेन्झा येथे कंपनी सुरू झाली, एवढे मात्र निश्चित.

या कंपनीचा 'काम्बिओ कोर्सा' हा गिअर आज पाहिला तर तो सोय आहे की शिक्षा, असा प्रश्न पडतो. मागच्या चाकाशेजारी दोन लांब दांड्या असत. स्वाराने चालत्या सायकलीवर हात मागे नेऊन एका दांडीने चाक ढिले करायचे, दुसरीने साखळी सरकवायची, त्याच वेळी पायडल उलटे मारायचे आणि मग चाक पुन्हा आवळायचे. जीनो बार्ताली यांनी १९४८ ची तूर याच गिअरवर जिंकली. साखळीला चौकटीपासून टांगलेल्या हाताने सरकवणारा आणि तारेने चालणारा गिअर कॅम्पान्योलोने त्यानंतर आणला. १९६७ च्या 'नुओव्हो रेकॉर्ड'मध्ये हाच आराखडा ॲल्युमिनियममध्ये उतरला आणि पुढे बरीच वर्षे शर्यतींत त्याचेच राज्य होते.

या सायकलींविषयीची ओढ केवळ यंत्राच्या सौंदर्यातून आलेली नाही. तिच्यामागे एक महाकाव्य उभे आहे, आणि ते लिहायला लेखकच हजर होते. १९४९ च्या जिरो द'इतालिया शर्यतीचे वार्तांकन 'कोरिएरे देल्ला सेरा'साठी कादंबरीकार दीनो बुझ्झाती यांनी केले. त्या वर्षी १० जून रोजी कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात फाउस्तो कोप्पी सुमारे १९० किलोमीटर एकटे पुढे होते. पाच घाट ओलांडून ते आले तेव्हा बार्ताली सुमारे बारा मिनिटे मागे राहिले होते. बुझ्झातींना या प्रसंगात हेक्टर आणि अकिलीस दिसले. पुढे रोलाँ बार्थ यांनी 'मिथोलॉजी' या १९५७ च्या पुस्तकात तूर द फ्रान्सचे वाचन महाकाव्य म्हणूनच केले. अशा काळातील सायकल हाती आली की माणूस तिच्याकडे वाहन म्हणून पाहत नाही, अवशेष म्हणून पाहतो. आणि अवशेष म्हटला की तो खरा असावा लागतो. प्रामाण्याचा प्रश्न उभा राहतो तो इथे.

हा प्रश्न पहिल्यांदा अडखळतो तो कर्तृत्वापाशी. सायकलीवर लिहिलेले नाव तिच्या कर्त्याचे असेलच असे नाही. मिलानच्या विगोरेल्ली व्हेलोड्रोमच्या प्रेक्षकगॅलरीखाली फालिएरो मासी यांचे कारखानावजा दुकान होते. त्यांना लोक 'शिंपी' म्हणत. कारण ते स्वाराच्या अंगाची मापे घेऊन चौकट बेतत. अनेक नामांकित स्वार चौकट घेत मासींकडून आणि तिच्यावर रंग व नाव असे त्यांच्या संघाच्या प्रायोजक कंपनीचे. १९५४ साली फिओरेन्झो मान्यी यांच्या संघाला निव्हिया या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने पैसा पुरवला आणि सायकल उद्योगाबाहेरच्या प्रायोजकांना दार उघडले. तेव्हापासून संघ बदलला की रंग बदलणे हा परिपाठ झाला. एडी मेर्क्स यांनी १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून जो विक्रम केला, ती सायकल एर्नेस्तो कोल्नागो यांनी बनवलेली. पुढे त्यांच्या संघासाठी उगो दे रोझा यांनी बनवलेल्या चौकटींवर मेर्क्स यांचेच नाव असे. मग अशा चौकटीचा 'कर्ता' कोण? नळी ओढणारा, सांधे झाळणारा, ज्याच्या मापाने ती बेतली तो स्वार, की ज्याचे नाव तिच्यावर रंगवले ती कंपनी? लेखनिक, कवी आणि आश्रयदाता यांच्यात हस्तलिखिताचे श्रेय वाटताना येणारी अडचण याहून फारशी वेगळी नाही.

नाव विश्वसनीय नसेल तर पुरावा वस्तूतच शोधावा लागतो, आणि सुदैवाने वस्तू बरेच बोलते. पायडलची धुरा ज्या आडव्या नळ्यात बसते, त्याचे आटे देशागणिक निराळे असत. इटालियन नळा ७० मि.मी. रुंद आणि त्याचे दोन्ही बाजूंचे आटे उजवे. इंग्रजी नळा ६८ मि.मी. रुंद आणि साखळीच्या बाजूचे आटे डावे; फ्रेंच नळ्याचे आटे दोन्हीकडे उजवेच, पण माप ३५ मि.मी. व्यासाचे आणि एक मि.मी. अंतराचे. त्यामुळे इटालियन नाव मिरवणाऱ्या चौकटीत इंग्रजी आटे सापडले तर लगेच निकाल देता येत नाही, पण चौकशी मात्र सुरू करावी लागते. मागच्या चाकासाठी सोडलेली जागाही काळ सांगते. पाच चक्रांच्या काळात ती १२० मि.मी. असे, सहा-सात चक्रे आली तेव्हा १२६ झाली, पुढे १३०. नुओव्हो रेकॉर्ड गिअरवर 'पेटंट' या शब्दापुढे वर्षाचे दोन अंक उठवलेले असत. चाकाच्या तुंब्यावरील नटांवरही वर्षाचे अंक सापडतात.

पोथीच्या शेवटच्या पुष्पिकेत शक आणि तिथी असावी तसे हे अंक आहेत. पण पुष्पिकेबाबत जो सावधपणा आपण बाळगतो तोच इथेही हवा. गिअरवरचा अंक गिअरचे वर्ष सांगतो, सायकलीचे नव्हे. शर्यतीच्या सायकलीत साखळी, टायर, तारा, दातेरी चक्रे सतत बदलली जात. चाके तर रस्ता पाहून बदलत. गिअर आदळून मोडला की नवा बसे. १९७२ च्या चौकटीवर १९७६ चा गिअर असला तर तो 'अशुद्ध पाठ' आहे, की ती सायकल १९७६ नंतरही शर्यतीत धावत होती याचा पुरावा? पुनरुज्जीवन करणारा हौशी माणूस अनेकदा तो गिअर काढून १९७२ चा शोधून बसवतो. सूचीपत्राशी सायकल जुळते, पण तिच्या आयुष्यातील चार-पाच वर्षांचा एकुलता एक साक्षीदार आपण निवृत्त केलेला असतो.

वास्तूंच्या संदर्भात हा वाद युरोपात एकोणिसाव्या शतकातच रंगला होता. फ्रेंच वास्तुकार व्हिओले-ल-द्युक यांनी आपल्या वास्तुकोशात १८६६ साली मांडले, की वास्तू पूर्ववत करणे म्हणजे तिला अशा परिपूर्ण अवस्थेत नेणे, जी अवस्था प्रत्यक्षात कधीही अस्तित्वात नसेलही. जॉन रस्किन यांचे मत याच्या टोकाविरुद्ध होते. १८४९ च्या 'सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर'मध्ये त्यांनी अशा जीर्णोद्धाराला सरळ असत्य ठरवले. इमारतीची काळजी घ्यावी, तिला आधार द्यावा, पण तिचे पुनर्निर्माण करू नये, असे त्यांचे म्हणणे. सायकलींच्या जगात आज हेच दोन पंथ आहेत. एक पंथ चौकट खरवडून, नव्याने रंगवून, नवी अक्षरे चिकटवून तिला कारखान्यातून निघाल्यासारखी करतो. आणि पुष्कळदा ती कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहून चकचकीत करतो. दुसरा पंथ तिला धूळ पुसण्यापलीकडे हात लावू देत नाही.

या दोहोंतून वाट काढण्यासाठी मला चेझारे ब्रांदी यांचा आधार सर्वांत उपयोगी वाटतो. ब्रांदी १९०६ साली सिएना येथे जन्मले. रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेचे ते पहिले संचालक होते आणि 'तेओरिआ देल रेस्ताउरो' हा त्यांचा ग्रंथ १९६३ चा. युद्धात बाँबहल्ल्याने व्हितेर्बोच्या चर्चमधील लोरेन्झो दा व्हितेर्बो यांची भित्तिचित्रे हजारो तुकड्यांत विखुरली. ती जुळवताना रिकाम्या राहिलेल्या जागा ब्रांदींच्या संस्थेने बारीक उभ्या रेषांनी भरल्या. दुरून पाहणाऱ्याला चित्र अखंड वाटते, जवळ गेले की नवे कोणते आणि जुने कोणते ते स्पष्ट कळते. ब्रांदींचे सूत्र थोडक्यात असे मांडता येईल : वस्तूची एकात्मता परत मिळवावी, पण त्यासाठी कलेचे वा इतिहासाचे खोटे दस्तऐवज करू नयेत, आणि वस्तूने काळातून केलेल्या प्रवासाच्या खुणा पुसू नयेत.

मात्र ब्रांदींनी ग्रंथाच्या आरंभीच एक भेद केला आहे. कारखानी वस्तूच्या बाबतीत जीर्णोद्धाराचा हेतू तिचे कार्य परत मिळवून देणे हा असतो. कलाकृतीच्या बाबतीत कार्य दुय्यम ठरते. शर्यतीची सायकल नेमकी या भेदाच्या उंबऱ्यावर उभी आहे. ती कारखानी वस्तू आहे, कारण चालली नाही तर ती सायकलच नाही. ती हाताने बेतलेली, इतिहासाने भारलेली वस्तूही आहे. म्हणून दोन्ही निकष एकाच वेळी लावावे लागतात, आणि ते एकमेकांना छेद देतात.

एक उदाहरण घेऊ. जुन्या सायकलीत सीटची ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत अनेकदा कायमची अडकलेली असते. दोन भिन्न धातू आणि मध्ये घामाचे वा पावसाचे पाणी, यामुळे ॲल्युमिनियम झिजते, त्याचा ऑक्साइड फुगतो आणि दांडी पाचरीसारखी आवळली जाते. तेल मुरवून, थोडी उष्णता देऊन ती निघाली तर उत्तम. नाही निघाली तर कॉस्टिक सोडा आहे. तो ॲल्युमिनियम विरघळवतो आणि पोलादाला धक्का लावत नाही. पण तो मूळ रंगही उखडतो, शिवाय त्यातून हायड्रोजन निघतो आणि हाताळणाराला इजा होऊ शकते. तिसरा मार्ग म्हणजे दांडीच्या पोकळीत करवतीचे पाते घालून, आतून तिला हळूहळू उभी चिरत जाणे. यात तासन्‌तास जातात आणि दांडी नष्ट होते, पण रंग वाचतो. म्हणजे इथे सर्व काही वाचवण्याचा मार्ग उपलब्धच नाही. दांडी हा सहज मिळणारा, अनेकांनी वापरलेला छापील पाठ आहे. रंग आणि त्यावरची अक्षरे ही एकमेव हस्तलिखित प्रत. काय गमवायचे ते ठरवताना कोणती गोष्ट पुन्हा मिळू शकते, हा प्रश्न निर्णायक ठरावा.

रंगाचेही तसेच. गंज सौम्य असेल तर ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणात तो बराचसा निघतो आणि रंग बहुतांशी राहतो. पण हँडलचा आणि त्याच्या मानेचा प्रश्न वेगळा. ॲल्युमिनियमला वर्षानुवर्षांच्या ताणाने सूक्ष्म तडे जातात आणि ते मोडते तेव्हा पूर्वसूचना देत नाही. नुओव्हो रेकॉर्डच्या पायडलदांड्याही पाकळीच्या बेचक्यात तडकतात, हे सर्वपरिचित आहे. अशा ठिकाणी मूळ भागाचा आग्रह धरणे म्हणजे इतिहासनिष्ठा नव्हे, ती स्वाराच्या जिवाशी केलेली हेळसांड आहे. भाग बदलावा, काढलेला भाग चिठ्ठी लावून जपावा, आणि काय बदलले याची नोंद सायकलीसोबत ठेवावी. संपादक पाठ बदलतो तेव्हा नाकारलेला पाठ तळटीपेत देतो. त्याचाच हा प्रकार.

आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या कार्यामुळे ज्ञानेश्वरी एकसंध रूपात पुढच्या पिढ्यांच्या मुखी राहिली. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, त्यामागे एकनाथांच्या हाताआडचा पाठ पाहण्याची इच्छा होती. दोघांचे हेतू वेगळे होते. एकाला ग्रंथ पारायणात जिवंत हवा होता, दुसऱ्याला तो भाषेच्या इतिहासाचा पुरावा म्हणून हवा होता. सायकलीचाही हाच पेच आहे. तिचे पारायण म्हणजे तिच्यावर बसून चालवणे.

अशा पारायणाचा एक सोहळाच ब्रांदींच्या सिएना प्रांतात सुरू झाला, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. १९९७ साली जांकार्लो ब्रोच्ची यांनी गायोले इन किआन्ती या गावी 'लेरोइका' ही सायकलयात्रा सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ स्वार होते. तिथले पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा तिच्यामागचा एक मुख्य हेतू होता. सायकल १९८७ किंवा त्यापूर्वीची हवी, गिअरच्या दांड्या चौकटीच्या तिरप्या नळीवर हव्यात, ब्रेकच्या तारा हँडलवरून मोकळ्या गेलेल्या हव्यात, पायडलांना पट्टे हवेत, असे तिचे नियम. ही सीमारेषा मनमानी नाही. पाय अडकवणारे नवे पायडल आणि खटका पडून बदलणारे गिअर १९८० च्या दशकाच्या मध्यास आले आणि स्वाराच्या हातापायांच्या सवयीच बदलल्या. या यात्रेने जुन्या सायकलींना चालण्याचे प्रयोजन दिले. तिनेच त्यांची बाजारपेठही वाढवली, आणि बाजारपेठेबरोबर नवी अक्षरे चिकटवून मोठ्या नावाने विकलेल्या सामान्य चौकटीही आल्या. ज्यांना वस्तू वाचता येते त्यांचेच अशा फसवणुकीपासून रक्षण होते.

जीर्णोद्धाराची शेवटची मर्यादा मात्र बाजारात नाही, ती कोमो सरोवराजवळच्या एका लहान देवळात दिसते. मादोन्ना देल गिझाल्लो या देवीला १९४९ साली पोप बारावे पायस यांनी सायकलस्वारांची रक्षकदेवता म्हणून मान्यता दिली. तिच्या देवळात कोप्पी, बार्ताली, मेर्क्स यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. त्यांच्यासोबत आणखी एक सायकल आहे. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारे फाबिओ कासार्तेल्ली १८ जुलै १९९५ रोजी तूर द फ्रान्समध्ये पोर्ते द'आस्पे घाटाच्या उतारावर पडून मरण पावले. ही त्यांची त्या दिवशीची सायकल, अपघातात वाकली तशीच ठेवलेली. ती सरळ करता येईल. कुशल कारागिराला ते अवघड नाही. पण ती सरळ केली तर एक सायकल परत येईल आणि घडलेली गोष्ट नाहीशी होईल. तिथे कार्य परत मिळवून देणे हेच इतिहासाचे खोटे दस्तऐवज ठरेल.

बाकीच्या सायकलींवर एवढा भार नसतो. त्या कुणा अनाम स्वाराने रविवारच्या स्थानिक शर्यतींत दामटलेल्या, कुणाच्या कोठारात पडून राहिलेल्या असतात. त्या चालवाव्यात, त्यांना तेल द्यावे, झिजलेले बदलावे. परंतु वरच्या नळीवर पोचा असेल, किंवा एका रंगाच्या टवक्याखालून दुसऱ्या संघाचा रंग डोकावत असेल, तर हात थोडा थांबावा. रंग नव्याने केव्हाही देता येतो. तो टवका मात्र एकदा गेला की त्याखालचा पाठ वाचायला पुन्हा कुणालाच मिळत नाही.